साडेपाच तास

मंगळवारी दुपारी दोन वाजून एकतीस मिनिटांनी मी लक्ष्मी रस्त्यावरच्या दातांच्या दवाखान्यात हनुवटी एका प्लॅस्टिकच्या खाचेत टेकवून उभा होतो आणि एक्स-रेचं यंत्र माझ्या डोक्याभोवती फिरत होतं. हे मी शपथेवर सांगू शकतो, कारण फिल्मच्या कोपऱ्यात माझं नाव, वय वर्षं पंचेचाळीस आणि १४:३१ ही वेळ छापलेली आहे. ती फिल्म मी खाकी पाकिटातून ऑफिसला आणली होती. घरी ठेवलीत तर हरवाल, असं उल्कानं, म्हणजे बायकोनं, बजावलं होतं. गुरुवारी सकाळी ते पाकीट टेबलावर उघडं पडलं होतं आणि शेजारी मी प्रिंटरमधून निघालेले कागद ठेवले. सोमवारी परदेशातल्या ग्राहकाचे लोक तपासणीला येणार होते, आणि सर्व्हर रूममध्ये आठवडाभरात कोण कोण गेलं याची यादी आमच्या मॅनेजर शेफाली मॅडमना हवी होती. यादीत बहुतेक सगळीकडे मीच होतो. वडके, वडके, वडके. मंगळवारच्या ओळीवर मात्र डोळा अडला. वडके, १४:३१. दाढ दोन दिवस ठणकत होती, ती क्षणभर थांबली.

एकाच वेळी दोन ठिकाणी असायला मी काही कंपनीचा डायरेक्टर नाही. मंगळवारी मी सर्व्हर रूममध्ये गेलो होतो, पण सकाळी, आल्या आल्या, नऊच्या ठोक्याला. नऊ वाजून एक मिनिट आणि चौदा एकतीस. बोटांवर मोजायचीही गरज पडली नाही. साडेपाच तास हा आकडा आमच्या धंद्यातल्या माणसाला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो. ग्रिनिचची वेळ आणि आपली वेळ यांतलं ते अंतर. मशीन पोटात ग्रिनिचची वेळ धरून चालतं आणि कागदावर छापताना त्यात साडेपाच तास मिळवतं. मग मला आठवलं की या नोंदी लिहिणाऱ्या मशीनचं घड्याळ मीच लावलं होतं. हातानं, मनगटावरच्या घड्याळात बघून, खंडेनवमीला. ग्रिनिचची वेळ घालायची होती, मी आपली घातली. मशीननं मुकाट्यानं तिच्यात आणखी साडेपाच तास मिळवले आणि दीड महिना मिळवत राहिलं. मला आधी भीती वाटली नाही, राग आला. कुणाचा ते ठरवता येईना, म्हणून मी प्रिंटरचं झाकण आपटलं.

खंडेनवमीचं खूळ माझं. कसब्यात तांबट आळीत आमचं घर. दादा, माझे वडील, तांब्याची भांडी मठारायचे. एका घागरीवर हजारो ठोके, एकाला लागून दुसरा, आणि एखादा जरी वाकडा पडला तरी दादांना तो अंधारात बोटानं सापडायचा. खंडेनवमीला ते सगळे हातोडे, खरवया, चिमटे धुऊन, हळदकुंकू लावून पाटावर मांडत. त्या दिवशी हत्याराला काम नाही, आवाज नाही. सात वर्षांचा असताना मी पूजेतला एक हातोडा उचलून पातेल्यावर एकदाच वाजवला, तर दादांनी पूजेवरून उठून माझ्या कानाखाली अशी दिली की मी खांबाला जाऊन धडकलो. हत्यार बंद ठेवल्याशिवाय पूजा नाही, हे मी कुठल्या पोथीत वाचलेलं नाही, ते माझ्या गालावर लिहिलेलं आहे. त्यामुळे कंपनीत दरवर्षी सर्व्हर रूममध्ये झेंडूचे हार, नारळ, पेढे असा जो प्रकार होतो तो मला पोरखेळ वाटायचा. यंत्रं घरघरताहेत आणि वर हार. यंदा मी म्हटलं, निदान एक मशीन बंद ठेवून पूजा करीन. ग्राहकाची मशीनं बंद ठेवणं शक्य नव्हतं, मिनिटाचा दंड असतो. म्हणून ज्याच्यावाचून कुणाचं अडणार नाही असं एक निवडलं: नोंदींचं मशीन.

हे मशीन कोपऱ्यात असतं. बाकीची सगळी मशीनं त्याला सांगत राहतात, अमुक जणानं दार उघडलं, अमुक खुर्चीवरून अमुक फाइल उचलली, आणि हे आपल्या घड्याळात बघून वेळ घालतं आणि लिहून ठेवतं. बाकीच्यांची घड्याळं एका मोठ्या घड्याळावरून आपोआप लागतात. याचं मी तोडलेलं होतं. बाहेरून कुणी त्याला हात लावू नये, खोटं शिकवू नये म्हणून. त्यानं फक्त ऐकायचं, बोलायचं कुणाशी नाही. या बंदोबस्ताबद्दल मागच्या तपासणीत माझं कौतुक झालं होतं, चषकसुद्धा मिळाला. आतली, घड्याळ चालतं ठेवणारी रुपयाएवढी बॅटरी संपलेली असणार हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. तासभर बंद ठेवून, हार घालून, नारळ फोडून मी ते चालू केलं, तेव्हा घड्याळ सहा वर्षं मागे गेलं होतं. मी मनगटाकडे बघून वेळ टाकली आणि पेढा खाल्ला. पुढे दीड महिना कुणाच्या लक्षात आलं नाही. नोंदी ठेवायच्या असतात, वाचायच्या नसतात.

एकदाच वाचल्या. खंडेनवमीनंतर दोन आठवड्यांनी ग्राहकाचं पत्र आलं की विम्याच्या अकराशे लोकांची माहिती, आजार, पत्ते, बँकेचे नंबर, बाजारात विकायला आली आहे आणि ती पुण्याहूनच गेली आहे. शेफाली मॅडम माझ्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या आणि मी शोधलं. तिसरा मजला, खुर्ची नंबर चौदा, पेन ड्राइव्ह लावला, १५:१२. आमच्याकडे पासवर्ड खुर्चीचा असतो, माणसाचा नाही; एका खुर्चीवर दिवसाला तीन माणसं बसतात आणि तिघांना वेगळे परवाने घेणं कंपनीला परवडत नाही. कोण बसलं होतं ते हजेरीवरून बघायचं. सहा ते दोन, विक्रम. दोन ते दहा, शंभू निखाडे. पंधरा बारा म्हणजे सव्वातीन. मी शंभूच्या नावाखाली लाल पेनानं रेघ मारली. सरळ रेघ यावी म्हणून पट्टी घेतली होती. आता, गुरुवारी, मी त्या पंधरा बारातून साडेपाच तास वजा केले. नऊ बेचाळीस. नऊ बेचाळीसला शंभू वाघोलीच्या खोलीवर डाळ शिजवत असेल. खुर्चीवर विक्रम होता. विक्रम म्हणजे हिंमतरावांचा पुतण्या, आणि हिंमतराव म्हणजे ज्यांच्या जमिनीवर आमची काचेची इमारत उभी आहे ते. जमिनीच्या सौद्यात पहारेकऱ्यांचं कंत्राट आणि घरच्या एका पोराला नोकरी हेही होतं.

शंभूला तळघरात नेलं ते रेघ मारली त्याच दिवशी, संध्याकाळी पाचला, शिफ्ट चालू असताना. तळघरात बॅटऱ्यांची खोली आहे. वीज गेली की इमारत त्यांच्यावर चालते. तिथे तेजाबाचा वास असतो आणि पंख्यांचा इतका आवाज की दार लावलं की बाहेर काही ऐकू येत नाही. हिंमतराव एका उपड्या खोक्यावर बसले होते, पांढरेशुभ्र कपडे, गुडघ्यावर रुमाल. दोन पहारेकऱ्यांनी शंभूला धरलं होतं. "आमच्या जिमिनीवर चोरी करतुयास व्हय रं?" हिंमतराव शांतपणे म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळून, "वडकेसाहेब, ह्योच न्हवं?" मी कागद पुढे केला. माझं काम तेवढंच होतं असं मी पोलिसांना सांगितलं, उल्काला सांगितलं, स्वतःलाही सांगत आलो: मी दारात उभा होतो, मी कागद दिला. पहारेकऱ्यांपैकी एकानं निळी नेटवर्कची केबल चौपदरी करून हातात घेतली. ती माझ्या खोलीतल्या खोक्यातली होती, दोन्ही टोकांना मी बसवलेले प्लॅस्टिकचे खटके होते, आणि प्रत्येक फटक्याला त्यांनी शर्ट फाटत गेला. "मी नाई केलं जी, आईची आन, मले काऊन मारता?" एवढंच तो म्हणत होता. मग एकानं त्याचा उजवा हात बॅटरीच्या लोखंडी घोडीवर धरला आणि दुसऱ्यानं दाराची आडवी सळई उचलली. दोन बोटं. तो आवाज पंख्यांच्या वरूनही आला. पोलिसांना बोलावलं ते सातला. तोवर रक्त पुसून, त्याला दुसरा शर्ट घालून, जिन्यावरून पडला असं ठरलं होतं.

शेफाली मॅडमना मी दुपारी सांगितलं. एक्स-रे दाखवला, यादी दाखवली. त्या हुशार आहेत, अर्ध्या मिनिटात त्यांच्या लक्षात आलं. काचेचं दार लावून घेऊन त्या खाली बसल्या. "वडके, लुक. क्लायंटला आपण रिपोर्ट ऑलरेडी दिलाय. पोलीस केस झालीय. आता काय सांगायचं, की आमचं घड्याळ चुकलं? कॉन्ट्रॅक्ट जाईल, नऊशे लोक घरी बसतील." मी म्हटलं, "मॅडम, पोरगा येरवड्यात अकरा दिवस राहून आलाय." त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. "आय फील बॅड, ओके? रिअली. पण हिंमतरावांना कोण सांगणार, तुम्ही?" मी एक्स-रे पाकिटात घातला. "ते मशीन जुनं झालंय. सोमवारच्या आत फॉरमॅट करा, नवीन सेट-अप करा, टाइम नीट टाका. आणि ही फिल्म घरी ठेवा. ऑफिसात पर्सनल गोष्टी कशाला आणता?" मी म्हटलं, करतो. आमच्या धंद्यात करतो हा शब्द श्वासासारखा निघतो. जाग्यावर येऊन मी सर्व्हर रूमची किल्ली काढली, मशीनसमोर उभा राहिलो. खंडेनवमीचा झेंडू अजून वर होता, वाळून काळा पडलेला. पुसायला दोन शब्द टाइप करायचे आणि एक बटण दाबायचं. मी बोट बटणावर ठेवलं. माझी बोटं धड आहेत, याचा मला त्या क्षणी इतका संताप आला की मी हात मागे घेतला आणि भिंतीवर मूठ मारली. दुखलं. बरं झालं.

मग कंपनीच्या कागदावर मी सगळं हातानं लिहिलं. घड्याळ कसं चुकलं, मी कसं चुकवलं, साडेपाच तास वजा केल्यावर काय वेळ येते, त्या वेळी खुर्चीवर कोण होतं. मशीन पुसलेलं नाही, कुठे ठेवलं आहे, पोलिसांनी सोमवारच्या आत ताब्यात घ्यावं. सही केली. मंगळवारची यादी आणि एक्स-रे जोडला. शंभूचा पत्ता कर्मचाऱ्यांच्या फाइलमध्ये होता. चार वाजता मी स्कूटर काढली आणि नगर रस्त्याला लागलो. ट्रकच्या धुरात तोंडात माती येत होती आणि दाढ आता छान ठणकत होती. नोकरी गेली हे मला समजत होतं. हिंमतरावांची माणसं कसबा पेठेत यायला अर्धा तास लागतो, हेही समजत होतं. उल्का दार उघडेल, समोर दोघं असतील. तिला निघताना फोन करून सांगायला हवं होतं की आतून कडी लाव. पण खरं सांगायचं तर मला या सगळ्याचा एक आनंद होत होता. मी चांगला माणूस निघालो होतो. लाल रेघ मारणाराच खरं सांगायला निघाला होता. शंभूपुढे काय बोलायचं ते मी रस्ताभर मनात घोळवत होतो. वाक्यं जमत गेली तसतसं मला माझंच भरून येत होतं.

आणि केसनंदच्या फाट्याशी एका टेम्पोनं कट मारला, मी तोल सावरून शिवी हासडली, उजवा हात उगारला, आणि हात हवेत असतानाच मला तळघर पुन्हा दिसलं. दारात उभा राहिलेला मी नव्हे. मी दारात नव्हतो. बोटं मोडल्यावर शंभू खाली बसला होता, ओरडायचा थांबला होता, आणि त्यानं मान वर करून पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं होतं. सरळ माझ्याकडे. "वडके सर, तुमी सांगा ना जी. चौदा नंबरचं थे भोक तुमीच तं उघडलं होतं. तुमाले मालूम हाय थे कोनासाठी..." पेन ड्राइव्ह लावायची भोकं कंपनीतल्या सगळ्या मशीनांची बुजवलेली. चौदा नंबरचं तेवढं मी उघडलं होतं, श्रावणात, हिंमतरावांचा फोन आला म्हणून. पोराला कामावर गाणी ऐकायचीत, बघा काय जमतंय का. मी जमवलं. कुठे लिहून ठेवलं नाही. शंभूनं ते बघितलं असणार, दोनला खुर्चीवर येताना. तो आता नाव घेणार होता, हिंमतरावांसमोर, आणि नावापाठोपाठ माझं पाप बाहेर येणार होतं. मी दोन पावलं पुढे गेलो आणि दिली. कानाखाली, डाव्या, उघड्या पंजानं, खांद्यातून जोर लावून. दादांचा हात होता तो, मला पक्कं ओळखता आला. त्याचं वाक्य तुटलं. कानातून रक्ताची बारीक धार मानेवर उतरली. हिंमतराव म्हणाले, "बामनाळलेला वाटत हुता, पर दम हाय की वडक्यात." मला ते आवडलं होतं. महिनाभर मी ते विसरलो नव्हतो, फक्त त्याच्याकडे बघत नव्हतो.

शंभूची खोली एका नव्या, अर्धवट प्लॅस्टरच्या इमारतीत खाली होती. दार उघडंच होतं. आत एक बाई गव्हातले खडे निवडत होत्या. मुक्ताई, त्याची आई. वणीहून आल्या होत्या, मुलाला सोडवायला आणि मग त्याला जेवू घालायला. शंभू भिंतीला टेकून, दाराकडे डावी बाजू करून चटईवर बसला होता. उजव्या हाताला प्लॅस्टर. मी कोण ते सांगितलं. मुक्ताईंचा हात सुपात थांबला. बाहेर सिमेंट कालवायचं यंत्र घरघरत होतं. शंभू हलला नाही, समोर भिंतीकडे बघत राहिला. मला वाटलं, तोंड बघायचं नाही त्याला माझं. ठीक आहे, मी चुकलोय. मी तिथेच, त्याच्या डाव्या हाताला, उकिडवा बसलो आणि रस्ताभर जमवलेली सगळी वाक्यं बोललो. घड्याळ, ग्रिनिच, खंडेनवमी, सोमवार, पोलीस. आवाज कापला तेव्हा मी तो कापू दिला. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. संपलं तेव्हा बाहेरचं यंत्रही थांबलं होतं. शंभूनं मान वळवली आणि मला तिथे बघून दचकला.

"इकडून या जी," तो म्हणाला. "तो कान गेला. काई ऐकू येत नाई त्यातून."

दादा शेवटी एका कानानं ठार बहिरे झाले होते, ठोक्यांनी. बहिऱ्या माणसाच्या कुठल्या बाजूला बसायचं हे मला आयुष्यभर ठाऊक होतं. मी उठलो, चटईला वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला गेलो. सगळं पुन्हा सांगायचं होतं आणि आता त्यातलं एकही वाक्य तोंडातून निघेना. मी फक्त कागद पुढे केला. त्यानं डाव्या हातानं तो मांडीवर ठेवला, ओठ हलवत वाचला, एक्स-रे उजेडात धरून माझ्या दाढा बघितल्या. मुक्ताई म्हणाल्या, "काय लिवलं हाय रे?" तो म्हणाला, "मी नाई केलं थे लिवलं हाय, आई." त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्या आवाज न करता रडायला लागल्या. मला वाटलं, झालं. आता उठावं.

"हे घडीचं समजलं सर," शंभू म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. "घडी चुकली, तुमी माह्या नावाखाली रेघ मारली. होते चूक. त्यायनं मले मारलं, त्यायले चोर वाटलो. तुमी काऊन मारलं? थे कुठं हाय याच्यात?"

मुक्ताईंनी पदर काढला. त्यांना हे माहीत नव्हतं. पोरानं आईला सगळ्यांची नावं सांगितली होती, माझं सांगितलं नव्हतं. त्या आता माझ्या हाताकडे बघत होत्या. चोर समजून, असं मी म्हणणार होतो, ते वाक्य तोंडात तयार होतं. त्याचा उजवा कान माझ्यापासून हातभर अंतरावर होता, कोवळा, स्वच्छ, नुकतीच आंघोळ केलेल्या माणसाचा.

"तू विक्रमचं नाव घेणार होतास म्हणून," मी म्हटलं. "ते भोक मी उघडलं होतं. ते बाहेर येऊ नये म्हणून मारलं. आणि मारल्यावर मला बरं वाटलं."

बाहेर कुणीतरी सिमेंटची पोती उतरवत होतं, धप्प, धप्प. मला वाटलं तो मारेल. मनापासून वाटलं, आणि मी गाल तिकडे केलाही असेन. त्यानं मारलं नाही. मारायचा त्याचा हात प्लॅस्टरमध्ये होता. मुक्ताई उठल्या, कॅलेंडरला दोऱ्यानं बांधलेलं पेन त्यांनी दोरा तोडून काढलं आणि माझ्यापुढे टाकलं. हातात दिलं नाही.

"लिवा," शंभू म्हणाला.

मी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. श्रावणातला फोन लिहिला, भोक लिहिलं, तळघरात कोण कोण होतं ते लिहिलं, केबल कुणाच्या खोक्यातली ते लिहिलं. डावा कान लिहिला. माझं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, खाली सही केली, तारीख घातली. शंभू माझ्या खांद्यावरून वाचत होता.

"वेळ टाका," तो म्हणाला.

मी सवयीनं मनगट वर केलं. मग हात खाली घेतला आणि मुक्ताईंना विचारलं, "तुमच्याकडे किती वाजलेत?"